‘परंतु’चा इतिहास : मोरोपंतांच्या बारामतीपासून जपानी ‘तेमो’पर्यंत

आज आपण फार छोट्या शब्दांचा इतिहास पाहणार आहोत. पण, परंतु, तरी, मात्र. दिवसातून शेकडो वेळा आपण हे शब्द वापरतो आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. शाळेत उभयान्वयी अव्ययांच्या तक्त्यात ते एकदा भेटतात, ‘न्यूनत्वबोधक’ अशी पाटी गळ्यात अडकवून. परीक्षा झाली की पाटीही विसरली जाते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत बसून हा विषय बोलायला एक खास कारण आहे. इथल्या माणसाला आपल्या भागाचं वर्णन करायला सांगा, दुसऱ्या वाक्यात ‘पण’ येतो. कऱ्हा आहे, पण पाणी नाही. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, पण त्याचं पाणी निम्म्या शिवाराला मिळालं आणि निम्मं शिवार कोरडंच राहिलं. त्यामुळे एकाच तालुक्यात ‘बागायती भाग’ आणि ‘जिरायती भाग’ असे दोन भाग बोलण्यात कायमचे रुजले. इंदापूरकडे उजनीचं धरण झालं, पण पळसदेवसारखी जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर दिसतं. एक गोष्ट मान्य करायची आणि लगेच तिच्या विरोधातली दुसरी मांडायची, हे या मातीतलं रोजचं वाक्य आहे. भाषेत त्याची सोय कशी झाली, हा आजचा प्रश्न.

बारामतीचा कवी

सुरुवात मोरोपंतांपासून करू. मोरोपंत पराडकर, जन्म १७२९, पन्हाळगडाचा. पुढे ते बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, पुराण सांगू लागले आणि १७९४ मध्ये बारामतीतच वारले. नाईकांचा वाडा आजही कऱ्हेच्या काठी आहे. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ ही त्यांची नावाजलेली कामं. त्यांनी रामायणं मात्र एक-दोन लिहिली नाहीत, त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात. प्रत्येकात काही तरी नवा खेळ. त्या यादीत एक नाव आहे ‘परंतु रामायण’.

क्षणभर थांबून बघा. दशरथाचा, सीतेचा, वनवासाचा नव्हे, एका उभयान्वयी अव्ययाचा मान. आणि तसं पाहिलं तर रामायणाच्या कथेला तो शोभतो. राज्याभिषेक ठरला, परंतु. लंका जिंकली, सीता परत आली, परंतु. कथा जिथे जिथे वळते तिथे हा शब्द उभा असतो.

आता छंदाच्या बाजूने पाहू. आर्या हे मात्रावृत्त आहे, चार-चार मात्रांचे गण पडतात. ‘परंतु’ म्हणजे लघू, गुरू, लघू. एक, दोन, एक. बरोबर चार मात्रा, म्हणजे पूर्ण एक ज-गण. आर्येचा नियम असा की विषम गणात, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या जागी ज-गण चालत नाही. पूर्वार्धातल्या सहाव्या गणात मात्र ज-गण तरी हवा, नाही तर चार लघू तरी. म्हणजे ‘परंतु’ हा शब्द अख्खा एका गणात बसवायचा तर त्याला कुठेही टाकता येत नाही, आणि सहाव्या जागी तो जणू मापाने शिवलेला आहे. ‘परि’ हा दोन मात्रांचा, कुठेही घुसतो. कवीला शब्दाची लांबी अशी मोजावी लागते.

याच यादीत ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओठ न मिटता म्हणता येईल असं रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. या अटीचा आपल्या विषयावर काय परिणाम होतो ते पाहा. ‘पण’ गेला. ‘परि’ गेला. ‘परंतु’ गेला. ‘तथापि’ आणि ‘यद्यपि’ यांच्यातही ‘प’ आहे, तेही गेले. आपली विरोध दाखवणारी जवळजवळ सगळी फौज ओठांवर उभी आहे! मग शिल्लक काय राहतं? ‘जरी’ आणि ‘तरी’. ही जोडी पूर्णपणे जिभेवरची आहे. हा योगायोग आहे, मान्य. पण त्यामुळे एक गोष्ट स्वच्छ दिसते. मराठीत विरोध सांगायचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक ‘पण’चा, दुसरा ‘तरी’चा. दोघांचे जन्म वेगळे, घराणी वेगळी.

दोन घराणी

‘पण’ आला संस्कृत ‘पुनर्’ या शब्दातून, प्राकृतातल्या ‘पुण’च्या वाटेने. गुजरातीतही ‘पण’ आहे. म्हणजे ‘पण’ आणि ‘पुन्हा’ हे मुळात भाऊ. ‘पुन्हा सांगतो’, ‘आणखी एक गोष्ट आहे’ या अर्थापासून ‘आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पहिलीच्या उलट आहे’ इथपर्यंत तो सरकला. ‘परंतु’ हा ‘परम्’ आणि ‘तु’ यांचा जोड. संस्कृतातून सरळ उचललेला, म्हणून आजही तो थोडा सोवळ्यात असतो. घरात आपण ‘पण’ म्हणतो, अर्जात ‘परंतु’ लिहितो.

दुसरं घराणं ‘जरी-तरी’चं. याची घडण समजायला ज्ञानेश्वरीकडे जावं लागतं, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरीत ‘तरि’, ‘तरी’ हा शब्द पावलोपावली भेटतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ आजचा ‘तर’ असा असतो. ‘असं असेल तर’, ‘तर मग ऐका’. आजच्या ‘तरी’चा अर्थ दाखवायला तिथे ‘तऱ्ही’ असं रूप येतं, आणि ‘जरी’साठी ‘जऱ्ही’. त्या ‘ऱ्ह’मध्ये काय दडलंय? आपला ‘ही’. तर अधिक ही. जर अधिक ही.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. घरोघर ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. आजच्या कानाने वाचणारा माणूस ओवीच्या सुरुवातीचा ‘तरी’ ऐकतो आणि त्याला वाटतं इथे काही विरोध आहे. ज्ञानेश्वर तिथे नुसतं ‘तर मग’ म्हणत असतात. एका अक्षराचा इतिहास माहीत नसला की संपूर्ण ओवीचा रोख फिरतो.

आता तर्क बघा किती साधा आहे. ‘पाऊस पडला तर मी जाणार नाही’ ही अट. या अटीला ‘ही’ लावा, म्हणजे ‘ही अटसुद्धा धरली तर’. पाऊस पडला तरीही मी जाणार. म्हणजे सवलत देणं, मान्य करणं हे अटीतूनच जन्मतं. संस्कृतनेही हेच केलं. ‘यदि’ला ‘अपि’ लावून ‘यद्यपि’, ‘तथा’ला ‘अपि’ लावून ‘तथापि’. अपि म्हणजे सुद्धा.

पुढे काय झालं? बोलता बोलता ‘तऱ्ही’मधला ह झिजला आणि ‘तरी’ उरला. ‘ही’ पोटात गेल्याचं आपण विसरलो, आणि जोर द्यायचा तेव्हा पुन्हा नवा ‘ही’ चिकटवून ‘तरीही’ केला. एकाच शब्दात दोन वेळा ‘ही’, पहिला झिजलेला, दुसरा ताजा.

इथे जपानी कशाला?

आता तुम्ही म्हणाल, याचा जपानीशी काय संबंध? दोन भाषांचं नातं काहीही नाही, घराणी वेगळी. पण आज पुणे जिल्ह्यात जपानी शिकणारी मुलं भरपूर आहेत. पुणे हे भारतातलं जपानी शिक्षणाचं मोठं केंद्र आहे, जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, आणि बारामती-इंदापूरकडची मुलंमुलीही त्या वर्गांत बसतात. वर्गात बहुतेक वेळा जपानी शिकवली जाते ती इंग्रजीतून. इथेच आपल्या विषयाला धार येते.

‘मिन्ना नो निहोंगो’ हे वर्गांत सर्रास वापरलं जाणारं पुस्तक. त्याच्या पंचविसाव्या धड्यात ‘तेमो’ येतो. ‘अमे गा फुत्तेमो, इकिमासु.’ अमे म्हणजे पाऊस, इकिमासु म्हणजे जाईन. मुलांना सांगतात, तेमो म्हणजे इंग्रजीतलं ‘ईव्हन इफ’. मग वहीत त्याचं मराठी होतं. पण मधला थांबा काढून टाका आणि शब्द सुटा करा. ‘फुत्ते’ म्हणजे ‘पडून’. ‘मो’ म्हणजे ‘ही’. फुत्ते-मो, पडून-ही. मराठी मुलाला हे शिकवावं लागत नाही, नुसतं दाखवावं लागतं.

हा ‘मो’ आणि आपला ‘ही’ किती दूरपर्यंत बरोबर चालतात ते पाहा. ‘वाताशी मो’ म्हणजे मीही. ‘दारे देमो’, कोणीही. ‘इत्सु देमो’, केव्हाही. ‘दोको देमो’, कुठेही. ‘नान देमो’, काहीही. आणि ‘इकुरा ताकाकुतेमो काइमासु’ म्हणजे ‘कितीही महाग असलं तरी घेईन’. इंग्रजीत या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द लागतात, त्यामुळे मुलाला ते सात वेगळे नियम वाटतात. मराठीतून पाहिलं तर नियम एकच.

इतिहासातही साम्य आहे. जुन्या जपानीत घडलेल्या गोष्टीसाठी ‘दोमो’ आणि न घडलेल्या, कल्पलेल्या गोष्टीसाठी ‘तोमो’ अशी रूपं होती. दोन्हींच्या शेपटीला ‘मो’ आहेच. पुढे ‘केरेदोमो’ हा शब्द घडला. तो झिजून ‘केरेदो’ झाला, आणखी झिजून ‘केदो’ झाला. आज तोक्योतला तरुण ‘केदो’ म्हणतो तेव्हा त्यातला ‘मो’ गळून गेलेला असतो. तऱ्हीचा तरी, केरेदोमोचा केदो. दोन भाषांनी, एकमेकींना न भेटता, सुद्धा हा अर्थ सांगणारा तुकडा जोडला, वापरून वापरून झिजवला, आणि अर्थ तेवढा शिल्लक ठेवला.

जपानीत ‘पण’चंही वेगळं घराणं आहे. तो ‘गा’. ‘ताकाई देसु गा, ओइशी देसु’, महाग आहे, पण चवदार आहे. हा ‘गा’ मुळात नामाला लागणारा प्रत्यय. बाराव्या शतकाच्या सुमाराला तो वाक्यं जोडू लागला आणि हळूहळू विरोध दाखवू लागला. क्रम उलटा करा, ‘ओइशी देसु गा, ताकाई देसु’, चवदार आहे, पण महाग आहे. पहिल्या वाक्याचा माणूस जेवून उठेल, दुसऱ्या वाक्याचा माणूस उठून जाईल. माहिती तीच, निकाल वेगळा. जे नंतर येतं ते जिंकतं. आपल्या व्याकरणकारांनी ‘न्यूनत्वबोधक’ हे नाव ठेवलं ते यासाठीच. ‘पण’च्या अलीकडचं वाक्य उणं पडतं.

‘तरी’ आणि ‘असूनही’

आता एक बारीक फरक. ‘पाऊस पडत असला तरी जा’ हे चालतं. ‘पाऊस पडत असूनही जा’ म्हणून पाहा. कानाला खटकतं की नाही? ‘पाऊस पडत असूनही तो गेला’ हे मात्र ठीक. म्हणजे ‘असूनही’ला घडलेली गोष्ट हवी. आज्ञा, विनंती, इच्छा त्याच्यामागे बसत नाही.

जपानीत हाच फरक ‘तेमो’ आणि ‘नोनी’ यांच्यात आहे. ‘नोनी’ घडलेल्या गोष्टीवरच येतो, त्याच्यापुढे आज्ञा चालत नाही, आणि त्यात नाराजी असते. ‘सेक्काकु त्सुकुत्ता नोनी’ म्हणजे ‘एवढं मुद्दाम करून…’ आणि वाक्य तिथेच सोडायचं. आपली आजी म्हणते ना, ‘एवढं सांगूनही!’ आणि गप्प बसते. बाकीचं समोरच्याने समजून घ्यायचं. ‘नागारा’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘करत असताना’, पण ‘शित्तेइनागारा इवानाकात्ता’ म्हणजे ‘माहीत असताना सांगितलं नाही’. मराठी ‘असताना’ही असाच वेळेवरून तक्रारीकडे सरकतो.

परीक्षेत मुलं ‘तेमो’ आणि ‘नोनी’ यांत अडखळतात. इंग्रजीतून नियम पाठ करण्यापेक्षा त्यांनी मराठीत वाक्य म्हणून पाहिलं, ‘असला तरी’ बसतं की ‘असूनही’, तर बहुतेक ठिकाणी कानच उत्तर देईल. रूप आणि काम यांची जोडी मात्र तंतोतंत नाही, हेही सांगायला हवं. ‘तेमो’ घडणीने ‘पडूनही’सारखा आहे आणि कामाने ‘पडला तरी’सारखा. हा फरक शिक्षकाने फळ्यावर मांडायला हवा. तोक्योच्या राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेत प्रशांत परदेशी यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठी आणि जपानीची तुलना गांभीर्याने केलेली आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात भारतीय भाषांची वैशिष्ट्यं कुठवर पसरली आहेत ते पाहताना जपानीपर्यंत नजर टाकली होती. वर्गापर्यंत हे फारसं पोचलेलं नाही.

लॅटिनचा साचा

का पोचलं नाही? याचं एक उत्तर इतिहासात आहे. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला. जपानमध्ये जेझुइटांचा छापखाना १५९० मध्ये पोचला, आणि तो गेला गोव्यावरून. त्या जहाजवाटेवर परतणाऱ्या जपानी तरुणांपैकी हारा मार्तिन्यो याचं लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. पुढे जुआंव रोद्रिगिश यांनी जपानीचं मोठं व्याकरण नागासाकीत १६०४ ते १६०८ या काळात छापलं. इकडे फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला निघालं आणि त्यांनी लिहिलेलं गोव्याच्या भाषेचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये. एकाच संघाची माणसं, एकाच वाटेवरचे छापखाने, आणि हाताशी एकच साचा, लॅटिनचा.

लॅटिनमध्ये ‘जरी’ हा सुटा शब्द, वाक्याच्या तोंडाशी. जपानीत आणि मराठीत ही कामगिरी क्रियापदाच्या शेपटीला. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आलं. ही माणसं मोठी आहेत. पण शालेय तक्त्यात आज काय दिसतं? ‘पण’ न्यूनत्वबोधकात, ‘जरी-तरी’ संकेतबोधकात ‘जर-तर’च्या शेजारी, आणि ‘असूनही’ कुठेच नाही. तो धातुसाधितांच्या वेगळ्या धड्यात. ‘जरी-तरी’ला ‘जर-तर’च्या शेजारी बसवण्यात मर्म आहे, कारण ते एकाच मुळाचे. तक्ता तेवढं सांगत नाही, नुसतं पाठ करायला लावतो.

परंतुक

शेवटचा मुद्दा, आणि तो खिशाशी संबंधित आहे. कायद्याच्या मराठीत एक शब्द आहे ‘परंतुक’. मुख्य तरतूद सांगून झाल्यावर ‘परंतु,’ असं म्हणून जी अट किंवा अपवाद येतो, त्याला परंतुक म्हणतात. आणि दुसरी ठरलेली शब्दरचना, ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’. त्यातले ‘ही’ मोजा, आणि शेवटचा ‘तरी’ पाहा. ज्ञानेश्वरीतला ‘तऱ्ही’ आज राजपत्रात बसलेला आहे. मोरोपंतांनी एका रामायणाला या शब्दाचं नाव दिलं, आणि कायद्याने एका तरतुदीला.

गंमत म्हणजे जपानी कायद्यातही असा अपवाद ‘तादाशी’ या शब्दाने सुरू होतो आणि त्या तरतुदीला ‘तादाशिगाकी’ म्हणतात. तादाशी लिहिलेला भाग. शब्द वेगळा, पद्धत तीच.

हे खिशाशी संबंधित का, तर जमीन, पाणी, भूसंपादन, पुनर्वसन यांचे कागद या दोन्ही तालुक्यांत घरोघर आहेत. माणूस पहिलं वाक्य वाचतो, ‘हक्क राहील’, आणि कागद घडी घालून ठेवतो. खरा निकाल परंतुकात असतो. आणि ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ने सुरू होणारं कलम बाकीच्या कलमांवर मात करतं. मघाशी आपण पाहिलं, ‘पण’च्या अलीकडचं वाक्य उणं पडतं. चवदार-महागच्या वाक्यात ते निरुपद्रवी होतं. नोटिशीत ते निरुपद्रवी नसतं.

तर मंडळी, जपानी शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की फळ्यावर ‘मो’च्या समोर एकदा ‘ही’ लिहा. मराठी शिकवणाऱ्यांना सांगणं की ‘जरी-तरी’ आणि ‘असूनही’ एकाच तासाला घ्या. आणि बाकी सगळ्यांना, कागद हातात आला की आधी ‘परंतु’ शोधा, मग वरून वाचायला सुरुवात करा.

आता प्रश्न घेऊ या. ‘पण’ने सुरू होणारे प्रश्न आधी.